प्रोलेटेरियट असल्याचा पुरावा

लेथवाल्याची खोली वाचली आणि साडूनं जिन्यात, चारचौघांत, त्याची माफी मागितली.

असं काही झालं नाही. कुणी तसं म्हणालंही नाही. सुरुवात नोटिशीपासून आहे.

खोली खाली करा, ही नोटीस साडूनंच लेथवाल्याच्या दारावर डिंकानं चिकटवली. खिळ्यानं दार खराब झालं असतं, आणि दार आता त्याच्या थोरल्याचं होणार होतं. थोरल्याचं लग्न ठरलेलं, बिऱ्हाडाला खोली हवी, आणि साडू कामगारांच्या त्या इमारतीचा सेक्रेटरी. इमारतीची इंग्रजी नियमावली कुणीतरी ऐन जोशात लिहिलेली: इथं फक्त प्रोलेटेरियट राहतील. प्रोलेटेरियट म्हणजे कामगार, एवढं धरून बारा वर्षं त्या शब्दाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. साडूनं शब्दकोश आणला.

"लॅटिन आहे, साडूभाऊ. 'प्रोलेस' म्हणजे पोरंबाळं. जुन्या रोमच्या जनगणनेत सरकारला दाखवायला ज्याच्याकडे पोरांशिवाय काही नाही, तो प्रोलेटेरियस. त्यावरून हा शब्द. तुम्हाला पोर नाही. मग तुम्ही कोण?"

"मी वीस वर्षं कारखान्यात लेथ चालवतोय."

"ते काम झालं. मी वर्ग विचारतोय."

लेथवाल्याची बायको आतून तरातरा आली. "भावोजी, तुमची पाचही पोरं दिवसभर माझ्या उरावर असतात. धाकटीच्या उवा कोण काढतं?"

"शब्दकोशात उवांचा उल्लेख नाही, मेहुणीबाई."

"ताईला माहितेय का हे?"

"डिंक तिनंच कालवला."

लेथवाला कमी बोलायचा. पण एका सुताचा फरक दिसला तरी नग भंगारात टाकायचा. त्यानं अर्ध्या दिवसाची रजा काढली, वाचनालयात तोच शब्दकोश उघडला, आणि रविवारी गच्चीवरच्या सभेत उभा राहिला.

"साडूभाऊंनी अर्धाच अर्थ वाचलाय. ज्याच्याकडे संपत्ती नाही, नुसती संतती आहे, तो प्रोलेटेरियस. आता सांगा, तुमची स्कूटर यातली कोण?"

गच्ची खदाखदा हसली. साडूचा चेहरा पडला. लेथवाल्यानं इथं खाली बसायला हवं होतं. पण अर्धवट नग सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"वेल्डरदादा, गावाकडे जमीन आहे ना? मग तुम्हीही नाही. शिंपीणबाई, मशीन तुमचं स्वतःचं, तुम्हीही नाही. आणि काकू, तुमच्याकडे तर दोन फ्रीज. तुम्ही तर अजिबातच नाही."

"एक बंद आहे मेल्या!" काकू किंचाळल्या.

हसू कधीच थांबलं होतं. साडू सावकाश उठला. "हा माणूस आपल्या सगळ्यांच्या घरावर उठलाय असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

सदतीस हात वर झाले. शिंपीणबाईंनी दोन्ही केले होते, तेही धरले.

सोमवारी दुपारी बाराला खोलीला कुलूप लागणार, असं ठरलं. घरी येऊन लेथवाला रिकाम्या खोक्यांकडे बघत बसला. "आधी काय भरू?"

"आधी अर्ज लिहा," बायको म्हणाली. "त्या मेल्यांपैकी कुणाला नको. ज्यांनी शब्द काढला त्यांना."

त्यानं लिहिलं:

"प्रति, मा. जनगणना अधिकारी, प्राचीन रोम. विषय: व्याख्येत दुरुस्ती करणेबाबत. महोदय, आपल्या खात्याने निःसंतान इसमांचा विचार न केल्याने अर्जदार सपत्नीक रस्त्यावर येत आहे. तरी 'पोरंबाळं' या शब्दापुढे 'किंवा लेथ' असे शब्द पूर्वलक्षी प्रभावाने घालून, दुरुस्तीची सही-शिक्क्याची प्रत सोमवारी दुपारी बाराच्या आत वरील पत्त्यावर मिळावी, ही नम्र विनंती."