वरच्या फळीवरचं पुस्तक

मी एक चित्रांचं पुस्तक बोलतोय. माझा आवाज जरा चाचरेल, सांभाळून घ्या. आम्हां पुस्तकांना नेहमी दुसऱ्याच्या तोंडून बोलायची सवय असते. स्वतःहून बोलायची ही माझी पहिलीच वेळ, आणि मी मुळातच भित्रा. कुणी फळीला नुसता धक्का लावला तरी माझी पानं शहारतात.

माझ्यात एका बेडूकमाशाची गोष्ट आहे. त्याला पाय फुटतात, शेपूट जाते, तो रडतो आणि शेवटी बेडूक होऊन काठावर उडी मारतो. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलंय, 'बदल आला की त्याला मिठी मारा!' छापखान्यात माझा एक रंग केसभर सरकला. त्यामुळे माझ्यातल्या बेडूकमाशाला दोन-दोन कडा आहेत आणि तो सारखा थरथरतोय असं वाटतं. यंत्रावरचा माणूस म्हणाला, "जाऊ दे रे, पोरांना काय कळतंय!" पोरांना सगळं कळतं. ते मला पुढे कळलं.

मला दुकानातून आणलं ते एका आईने. ती बाई मनाने फार चांगली, पण अवघड बोलायची वेळ आली की तिचा गळा दाटायचा आणि शब्द घशातच राहायचे. घर बदलायचं होतं आणि पाच वर्षांच्या लेकीला ते सांगायचं होतं. लेकीला घरात खारू म्हणत, कारण ती खारीसारखी वस्तू कुठे कुठे दडवून ठेवायची. एका दुपारी आईने तिला मांडीवर घेतलं, मला अथपासून इतिपर्यंत वाचलं आणि मिटवता मिटवता म्हणाली, "आपणसुद्धा नव्या घरी जाणार आहोत हं, बेडकासारखं."

खारू काही रडली नाही. आईला वाटलं, जमलं! त्या दिवसापासून आईला माझी सवय लागली.

नव्या इमारतीत मांजर पाळायला बंदी होती. घरातली मनी कुणाला तरी देऊन टाकायच्या आदल्या दिवशी मला काढलं. शाळा बदलली, तेव्हाही काढलं. एरवी माझी जागा कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर, जुन्या बिलांच्या फायलीशेजारी. मजेसाठी मला कधीच कुणी वाचलं नाही. खारूकडे इतर पुस्तकं होती, ती तिच्या उशाशी लोळायची. माझ्याकडे मात्र ती खालूनच बघायची. आई स्टूल ओढायला लागली की पोर जागच्या जागी थिजायची. तिचा चेहरा मला वरून स्पष्ट दिसायचा.

त्या घरात तिची आत्या राहायची. बाबांची थोरली बहीण, लग्न न केलेली, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. काचेच्या नळ्या धुऊन धुऊन तिच्या बोटांची टोकं कायम सुरकुतलेली. मी पहिल्यांदा तिच्या हाती लागलो, तेव्हा शेपटीचं पान बघून ती हसतच सुटली. पाण्यावर वाहत जाणारी शेपूट काढली होती ना चित्रकाराने!

"अगं, हे काय? बेडकाची शेपूट अशी गळून पडत नाही! कुणी काढलंय हे?"

"ताई, लहान मुलांचं आहे हो ते," आई म्हणाली.

"मग लहान मुलांना खोटं सांगायचं का?"

खारूने लगेच विचारलं, "मग कुठे जाते गं आत्या?"

"अंगातच जिरते. पाय फुटायचे दिवस असतात, तेव्हा त्याला धड खाता येत नाही. शेपटीवरच निभावतो बिचारा."

मला लाज वाटली. इतकी साधी गोष्ट माझ्यात चुकीची छापलेली होती.

दोन वर्षांनी आत्याला खोकला धरला. मग तपासण्या झाल्या, मग घरात कुजबुज. खारू खोलीत आली की मोठी माणसं हवेबद्दल बोलायला लागायची. एका सकाळी स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "आज पुस्तक काढते आणि सांगून टाकते तिला. फार दिवस नाहीत, म्हणालेत डॉक्टर."

शेवटचं वाक्य खारूला ऐकू गेलं नसावं. पहिलं मात्र गेलं. पुढच्या दोन मिनिटांत स्टुलावर पाट, पाटावर ती, आणि मी तिच्या फ्रॉकखाली. तिचं काळीज असं धडधडत होतं की माझी पानं हलत होती. तिने मला आत्याच्या गादीखाली सरकवलं.

दुपारी आत्या कुशीवर वळली आणि कण्हली. "पाठीला काय टोचतंय हे?" तिने हात घालून मला बाहेर ओढलं. खारू दारातच उभी होती.

"उघडू नकोस! ते वाचलं की जातं."

"काय जातं?"

"सगळं. घर गेलं, मनी गेली. आता आईला ते तुझ्यासाठी हवंय."

मी मनात म्हणत होतो, सांग बाई, तू तरी सांग. खोटं न खपणारी तू. तिने तोंड उघडलंसुद्धा. पण आधी खोकला आला आणि खोकला थांबेपर्यंत तिचा धीर गेला असावा.

"लपवायची अक्कल नाही तुला," ती हसून म्हणाली. "चादर बदलायला आली की आईला पहिल्यांदा हेच सापडेल. माझ्या पलंगाखालच्या जुन्या बॅगेत टाक. तिची चेन अडकते, म्हणून कुणी उघडत नाही."

खारू खुदकन हसली. "तू सांगणार नाहीस ना?"

"नाही सांगणार. उद्या बोलू आपण दोघी. नीट बसून."

बॅगेत अंधार होता. उद्या आला आणि गेला. रोज आत्याचा आवाज थोडा थोडा खाली जात होता आणि रोज ती 'उद्या' म्हणत होती. बाहेर आई मला शोधत होती. कपाटाची दारं, फायली, गाद्या, सगळं उलथंपालथं.

"अगं, पुस्तकाशिवाय सांग ना!" बाबा वैतागले.

"सुरुवात कुठून करू? तुम्ही सांगा, तुमची बहीण आहे."

बाबा बाल्कनीत जाऊन उभे राहिले असावेत, दाराचा आवाज आला.

पाचव्या दिवशी खारू शाळेत असताना आत्याला दवाखान्यात हलवलं. खारूला सांगितलं, तपासणीला गेलीय. ती तीन दिवस "मला घेऊन चल" म्हणत राहिली आणि आई तीन दिवस "उद्या नेते" म्हणत राहिली. चौथ्या दिवशी बाबा एकटेच घरी आले आणि चपला न काढता आत्याच्या पलंगावर बसले. बॅगेला त्यांच्या टाचा लागल्या.

आईने त्या दिवशी माझ्याशिवायच सांगितलं. "आत्या आता येणार नाही, बाळा." एवढंच. जमलं की तिला! पण केव्हा.

खारूने बॅगेची चेन ओढली आणि मला आईपुढे धरलं. "पण हे तर इथेच होतं! कुणी वाचलंसुद्धा नाही!"

आईने मला हातात घेतलं.

"तू मला दवाखान्यात का नाही नेलंस?" खारूने विचारलं.

"पुस्तक सापडत नव्हतं," आई म्हणाली.

बोलून गेली आणि मग तिने स्वतःचं ते वाक्य ऐकलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी तिच्या हातून सुटून जमिनीवर पडलो होतो, बेडूक वर करून. मिठी मारा, म्हणत. इतकी शरमेची वेळ कुठल्या पुस्तकावर येऊ नये.

त्याला आता सहा वर्षं झाली. मला कुणी फेकलं नाही. खारूच्या खोलीत खिडकीखाली मी असतो, माझा पुठ्ठा उन्हाने फिकटलाय, दोन पानं निसटलीत. खारू आता जाड जाड पुस्तकं वाचते. ती मला हात लावत नाही आणि लावूही देत नाही. आत्याच्या आवाजात 'उद्या बोलू' कसं होतं, तेही ती विसरत चाललीय, असं ती एकदा मैत्रिणीला फोनवर म्हणाली.

परवा आई कंगवा शोधायला खोलीत आली. सापडला नाही म्हणून ती पलंगाच्या कडेला टेकली, काही न बोलता. खारूने वाचता वाचता मान वर केली आणि विचारलं, "कोण जातंय?"

"कुणी नाही गं. कंगवा शोधतेय."

"नक्की?"

"नक्की."

खारूने पुस्तकात मान घातली, पण आई जाईपर्यंत तिने पान उलटलं नाही.

तुमच्या घरीही माझ्यासारखं एखादं असेल. तर हात जोडून एक विनंती. मुलाला जे सांगायचं ते आधी तुम्ही सांगा. गळा दाटला तर दाटू दे, रडत सांगा, अर्धवट सांगा, चुकत सांगा. त्याला त्या माणसाचा हात धरायला वेळ उरेल इतकं लवकर सांगा. मग मला काढा. चित्रं दाखवायला मी आहेच, तेवढंच मला येतं.