तेल राहिलं

त्या रविवारी बाबांनी मला कार्ब्युरेटरचा जेट दाखवला. पितळेचा, बोटाच्या नखावर मावेल एवढा. खिडकीसमोर धरून म्हणाले, "एक डोळा मीट. भोक दिसतंय?"

"नाही."

"एवढी पुस्तकं वाचतेस आणि हे वाचता येईना? जरा फिरव."

फिरवला आणि दिसलं. केसाएवढ्या वाटेतून खिडकीतला सगळा उजेड एका टिंबात येऊन थांबला होता. मी श्वास रोखून बघत राहिले.

"साठ वर्षांची गाडी एवढ्याशा घशाने पेट्रोल पिते," बाबा म्हणाले.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशा सहा जुन्या स्कूटर ओळीने उभ्या होत्या. बाबांनी कुठून कुठून गोळा करून, नट न् नट सोडवून पुन्हा उभ्या केलेल्या. सातवी मात्र आमचीच, एकतीस वर्षं ताडपत्रीखाली पडलेली. ती त्यांनी याच वर्षी कामाला घेतली होती.

"पुढच्या रविवारी हिला पहिली किक. येशील?"

"बघते," मी म्हणाले. मग ते दुसऱ्या एका स्कूटरच्या टाकीत पेट्रोल भरायला वळले. मापात तेल घेतलं, टाकीत ओतलं आणि भिंतीला सांगावं तसं मोठ्याने म्हणाले, "तेल घातलं!"

"ऐकलं!" स्वयंपाकघरातून आई ओरडली.

हा आमच्या घरचा जुना विनोद. या गाड्यांना पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं. तेल नसलं तर पिस्टन तापतो आणि सिलिंडरला चिकटून बसतो. मी अकरा वर्षांची असताना या सातव्या गाडीचं तसंच झालं होतं. चाक जागच्या जागी अडकलं, बाबा रस्त्यावर आपटले आणि उजवं मनगट मोडलं. ते पुन्हा कधी पूर्ण वळलं नाही. बाबा डाव्या हाताने पाना धरायला शिकले. "मीच विसरलो," एवढंच सगळ्यांना सांगत राहिले, आणि त्यानंतर एकदाही न बोलता तेल घातलं नाही.

ते विसरले नव्हते. त्यांनी तेल मापात काढून टाकीशेजारी ठेवलं होतं आणि हात पुसायला गेले होते. मी शेडमध्ये राहिलेलं माझं पुस्तक घ्यायला धावत आले, माप लवंडलं. मी फरशी पुसली आणि रिकामं माप होतं तिथे ठेवलं. ते परत आले, रिकामं माप पाहिलं, तेल घालून झालं असं समजले आणि वर पेट्रोल ओतलं. संध्याकाळी ते प्लॅस्टर घालून घरी आले तेव्हा मी पुस्तक उघडून बसले होते. पान उलटत नव्हते.

जेट दाखवला त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी बूट घालायला म्हणून बाबा खुर्चीत बसले, आणि उठले नाहीत.

तीन आठवड्यांनी पेंटरकाका आले. शेडमधल्या सातही गाड्यांचा रंग त्यांच्या हातचा. म्हणाले, "पोरी, त्याचं सगळं करून झालंय. फक्त किक राहिलीय. अशी सोडायची का?"

किकआधी तेल घालायला हवं होतं, पण मला तेलाचं माप सापडेना. म्हणून मी फळीवरचे डबे उघडू लागले.

डब्यांत मोडके भाग होते. प्रत्येकाला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर काय मोडलं आणि कुणाच्या हातून. 'क्लचची केबल. मी जास्त ताणली.' 'आरसा. हिने, झाडू मारताना.' 'दिव्याची काच. पेंटरच्या कोपराने, गप्पा हाणताना.'

"बघ, बघ!" काका म्हणाले. "कोर्टात टिकेल असा पुरावा. एक कप चहा जास्त मागितला असता तर तोही लिहिला असता याने." आणि चष्मा काढून पुसत बसले.

शेकडो चिठ्ठ्या होत्या. चाळीस वर्षांतली एकही चूक बेवारस नव्हती.

शेवटच्या डब्यात माप होतं, आणि मापाखाली मऊ फडक्यात गुंडाळलेला पिस्टन. मी तो हातात घेतला. एका बाजूला आरशासारखा गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला वरपासून खालपर्यंत ओरखडे, आणि धातू चक्क वितळून ओघळलेला. एवढी आग त्या दिवशी बाबांच्या पायांशी धुमसत होती. चिठ्ठीवर त्याच दिवसाची तारीख होती. अक्षर वेडंवाकडं, डाव्या हाताचं.

'पिस्टन जाम. तेल राहिलं.'

मी चिठ्ठी उलटली. मागे कोरी. पुन्हा वाचली. कुणाच्या हातून, ते नव्हतं. 'मी' नाही, 'हिने' नाही. जगाला 'मीच विसरलो' म्हणून सांगणाऱ्या माणसाने इथे ते लिहिलं नव्हतं. त्यांना किती माहीत होतं, हे कळायला आता मार्ग नाही. पण ती जागा त्यांनी मोकळी ठेवली होती.

"सापडलं का?" काकांनी विचारलं. सातवी गाडी त्यांनी उजेडात आणून स्टँडवर उभी केली होती. हिरवट राखाडी रंग, आणि त्यात शेडचं दार, आभाळाचा तुकडा आणि आम्ही दोघं वाकडेतिकडे दिसत होतो.

मी माप पुसलं. रेघेपर्यंत तेल घेतलं आणि टाकीत ओतलं. ते मधासारखं सावकाश उतरलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत मी माप उलटं धरून उभी राहिले.

"आता म्हण की," काका हळूच म्हणाले. "म्हटल्याशिवाय त्याने किकवर पाय ठेवला नसता."

स्वयंपाकघराच्या खिडकीत आई येऊन उभी होती. हातातलं फडकं तसंच.

"तेल घातलं," मी म्हणाले.

"ऐकलं," आई म्हणाली. आवाज नेहमीसारखा काढायचा तिने प्रयत्न केला.

पिस्टन अजून माझ्या डाव्या हातात होता. वाटला त्यापेक्षा जड.

"आई, थांब. अजून ऐक. त्या दिवशीचं तेल मी सांडलं होतं. बाबा, मी."