धुक्यातली राखण

तेओफिलनं गुडघे ओल्या गवतात टेकले आणि जाळीची कड फावड्यानं मातीत दाबली. सशांच्या खुराड्याभोवती त्यानं वीतभर खोल चर खणला होता. जाळी चरात सरळ उभी सोडायची नाही, बाहेरच्या अंगाला वळवून आडवी अंथरायची, म्हणजे कोल्हीनं उकरायला घेतलं की तिच्या नखांना पहिल्यांदा तारच लागेल. त्यानं वर माती लोटली, बुटाच्या टाचेनं चेपली आणि उठून कंबर धरली. समुद्रावरून आलेलं धुकं उतारावर तसंच बसून होतं. खालची वस्ती, चर्चचं टोक, होड्यांचा धक्का, काहीच दिसत नव्हतं. नुसता मधूनमधून भोंगा ऐकू येत होता, तोही पाण्याखालून आल्यासारखा.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची बायको ओदील त्याच्याकडे बघत होती. तिच्या मांडीवर गालिचा भरायची, गोणपाट ताणलेली चौकट होती आणि हातातली लोकर ओढायची आकडी थांबली होती. ससे तिचे. चार वर्षांपूर्वी तिनं ते आणले तेव्हा तेओफिल दिवसातले चौदा तास समुद्रावर असे. त्याला एवढंच ठाऊक होतं की मागच्या अंगणात काहीतरी पाळलेलं आहे आणि त्याला गाजरं लागतात. गेल्या ऑक्टोबरात त्यानं बोट पुतण्याला, एमेरीला, दिली आणि सगळा हिवाळा घरात काढला. त्या हिवाळ्यात त्याला सशांची नावं कळली. सिदोनी करडी, गास्पार तपकिरी, आणि प्लूम पांढरी, एका कानावर काळा ठिपका असलेली.

सिदोनी आठवड्यापूर्वी गेली. सकाळी पाणी घेऊन तोच गेला होता. जाळी शाबूत, कडी जागेवर, आणि ती कोपऱ्यात अंग ताठ करून पडलेली. बाहेरच्या चिखलात कोल्हीची पावलं उमटली होती, खुराड्याला फेरे घातलेली, एकावर एक. पलीकडच्या गावातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई मार्गेरित यांनी सिदोनीचे केस बोटांनी बाजूला करत सगळं अंग तपासलं. ओरखडासुद्धा नव्हता. त्या म्हणाल्या, ससा दातानंच मरतो असं नाही. शत्रू बाहेर फिरत राहिला आणि लपायला जागा नसली, तर भीतीनंही त्याचं काळीज बंद पडतं. भीती अडवणारी कडी कुठली मिळते, असं तेओफिलनं विचारलं, आणि तो थट्टा करत नव्हता. मार्गेरितबाईंनी सिदोनीचे केस पुन्हा सारखे केले. मग म्हणाल्या, आत दडायला एक खोकं करून द्या, त्याला दोन दारं ठेवा.

त्यानं खोकं केलं. तेवढ्यावर तो थांबला नाही. कोंबड्यांसाठीची पातळ जाळी काढून त्यानं बोटही शिरणार नाही अशी जाड जाळी ठोकली. रॅकून हा रात्री हिंडणारा चोरटा प्राणी हातानं साधी कडी फिरवून उघडतो, म्हणून बोटीवरच्या दोरांचे स्प्रिंगचे आकडे आणून लावले. तीन बाजूंना फळ्या मारल्या. डोंगराकडून सुटणारा स्वेत वारा इथं भल्याभल्यांची छपरं उचलून नेतो, म्हणून खुराड्यावर किनाऱ्यावरचे धोंडे रचले. ओदील एकदाच बोलली.

"एवढा बंदोबस्त बिशपच्या घरालाही नाही."

"बिशपला कोल्ही खात नाही," तो म्हणाला आणि पुन्हा हातोडा उचलला.

जाळीची कड मातीत पुरून झाली त्या दिवशी सशांनी खाणं सोडलं. गास्पार निदान चार काड्या चघळत होता. प्लूम खोक्यातून बाहेरच येईना. दिवसभर पानं तशीच सुकली. मार्गेरितबाईंनी फोनवर सांगितलं की ससा दिवसभर उपाशी राहिला तर त्याचं पोट थांबतं, आणि एकदा थांबलं की सुरू करणं अवघड. पाला वाटून पिचकारीनं तोंडात घाला. ओदीलनं प्लूमला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं, तेओफिलनं पिचकारी दाबली. हिरवा लगदा ओठांवरून ओघळून त्याच्या बाहीवर आला. दोऱ्या ओढून घट्टे पडलेल्या त्या हातांना ते एवढंसं तोंड धड सापडत नव्हतं. टॉवेलाच्या आत प्लूमचं काळीज इतकं भराभर उडत होतं की ओदीलच्या बोटांनाही त्याचे ठोके जाणवत होते.

"सगळं बंद केलंय," तेओफिल पुटपुटला. "मुंगी शिरायची नाही आत."

"ते तिला कुठं ठाऊक?" ओदील म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो डँडेलियनच्या रानभाजीची पानं घेऊन खुराड्याशी गेला. पानं जाळीच्या फटीतून आत सरकवली. झोप झाली नव्हती. शेवंडांचा एक जुना लाकडी सापळा तिथं पडला होता, तो उपडा करून तो त्यावर बसला आणि पाठ खुराड्याच्या फळीला टेकली. धुकं इतकं दाट होतं की आपलेच बूट कुणा दुसऱ्याचे वाटावेत. जमीन कुठं संपते आणि समुद्र कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. अंगण हळूहळू हलतंय, आपण नांगर टाकून थांबलोय आणि हे पांढरं सगळं विरलं की किनारा दिसेल, असं त्याला वाटू लागलं. डोळे मिटले होते की उघडे, तेही त्याला सांगता आलं नसतं.

मग त्याच्या कानामागं, फळीच्या पलीकडं, एक बारीक आवाज सुरू झाला. पान चावण्याचा. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. त्यानं मान वळवली नाही. श्वासही जपून घेतला.

कोल्ही आली ती तुकड्यातुकड्यानं. आधी सफरचंदाच्या झाडाखाली दोन कान, मग छातीचा पांढरा पट्टा, मग सगळी. गास्पारनं मागचा पाय एकदा लाकडावर आपटला आणि खाण्याचा आवाज तुटला. तेओफिल हळू आवाजात बोलायला लागला. शब्द असे नव्हतेच, थंडीत इंजिन सुरू होईना की त्याच्याशी बोलावं तसं काहीतरी. कोल्ही रोड होती, पोटाखाली आचळं ओघळलेली. म्हणजे कुठंतरी पिल्लं होती. ती बसली, त्याच्याकडे बघत राहिली, आणि आली तशीच तुकड्यातुकड्यानं गेली. बऱ्याच वेळानं त्याच्या कानामागं पुन्हा पान कुरतडल्याचा आवाज आला.

त्यानंतर तो रोज बसू लागला. उजाडताना आणि दिवस मावळताना, कोल्हीच्या वेळेला. प्लूम खोक्याबाहेर येऊन फळीच्या त्याच बाजूला, त्याच्या पाठीला लागून बसायची. एका संध्याकाळी ती एकदम कुशीवर कोसळली, पाय ताणले, डोळ्यांतलं पांढरं दिसायला लागलं. तेओफिल ताडकन उठला आणि घाईघाईनं आकडे काढायला लागला. कॉफी घेऊन आलेल्या ओदीलनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"झोपलीय रे. निर्धास्त झाला की ससा असाच पडतो."

"अशी?"

"अशीच. तुझ्यासारखी घोरत तेवढी नाही."

मेच्या अखेरीस एमेरीचा फोन आला. त्याच्या बोटीवरच्या माणसाची दोन बोटं दोरात चिरडली होती, आणि शेवंडांचा हंगाम पुरता महिनाभर शिल्लक होता. काका येईल का, असं त्यानं विचारलं. हा फोन यावा म्हणून तेओफिल सगळा हिवाळा भिंतीकडे बघत बसला होता. पण तो म्हणाला की जमणार नाही, पहाटेचा वेळ मोकळा नाही. एमेरीला आधी वाटलं तब्येत बरी नाही. मग त्यानं खोदून विचारलं आणि तेओफिलनं खरं ते सांगितलं. फोनच्या पलीकडे एमेरी इतका हसला की त्याला खोकला आला. दुपारपर्यंत ती गोष्ट सगळ्या धक्क्यावर झाली.

घरी मात्र तेओफिल यातलं काही बोलला नाही. ओदीलला ते दुकानात, एमेरीच्या बायकोकडून कळलं. घरी येऊन तिनं कॉड मासा आणि बटाट्याच्या टिक्क्या तळल्या, सगळ्यांत खरपूस दोन त्याच्या ताटात घातल्या आणि वाऱ्यापाण्याच्या गप्पा मारल्या.

दुसऱ्या दिवशी त्याला जाग आली तेव्हा खिडकी पांढरी झाली होती. उशीर झाला होता, आणि शेजारची जागा रिकामी होती. तो पायात बूट सरकवून तसाच बाहेर धावला.

सापळ्यावर ओदील बसली होती. शाल गुंडाळून, पाठ फळीला टेकून. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि हनुवटीनं झाडाकडं दाखवलं. कोल्ही उभी होती, आणि तिच्या मागं, धुक्यात अर्धी बुडालेली तीन पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. खुराड्यात पान चावणं चालू होतं. कोल्हीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि पिल्लांना घेऊन ती ओढ्याच्या दिशेनं उतरली.

"धक्क्यावर तुला सशांचा कप्तान म्हणतात," ओदील म्हणाली.

"म्हणू देत."

तिनं शाल आवळून घेतली. मग धुक्याकडे बघत म्हणाली, "आपल्या पुढच्या दाराला तू चार कड्या बसवल्यास. दर मोठ्या वादळानंतर एकेक."

"स्वेतला एक पुरत नाही."

"तू समुद्रावर असलास की त्यातली एकही मी लावत नसे."

तेओफिल तिच्याकडे वळला. "वाऱ्यानं दार उघडलं असेल की."

"उघडायचं ना. मग मी खुर्ची दाराला लावून तिच्यावर बसायचे. उजाडेपर्यंत."

"अगं, पण का?"

"कडी लावली की वाटायचं, तू येणार नाहीस हे मी धरूनच चालले."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं ती सांगत होती. तेओफिलनं घराकडं पाहिलं. धुक्यात दार दिसत नव्हतं, नुसती त्याची जागा कळत होती. छत्तीस वर्षं. किती वादळं झाली ते त्याला मोजता आलं नसतं. त्या प्रत्येक वेळी बोटीच्या सुकाणूला धरून उभं असताना त्याला एकाच गोष्टीचा धीर वाटला होता, की निदान घर पक्कं बंद आहे.

"कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"बोलले असते तर तू पाचवी बसवली असतीस."

तो तिच्यासमोर उभा होता, बुटांच्या नाड्या सुटलेल्या, केस विस्कटलेले. ओदील थोडी सरकली. सापळा एका माणसापुरताच होता, पण तो बसला. दोघांचे खांदे एकमेकांत रुतले. तिनं शालीचं टोक त्याच्या गुडघ्यांवर टाकलं. धुकं विरायला अजून बराच वेळ होता, आणि दोघांनाही कुठं जायचं नव्हतं.