उजवीकडून तिसरा

महायुद्धातल्या विजयाला चाळीस वर्षे पूर्ण होणार होती. त्या वसंतात अक-बुलाक गावच्या क्लबात जी भिंत सजवली जात होती, तिच्यावरील समस्त अक्षरे बेय्शेनच्याच हातची होती. शाळा त्याने सातवीतच सोडलेली. परंतु अक्षर असे वळणदार की गावातल्या दुधाच्या टाकीपासून कबरस्तानातल्या पत्र्यांपर्यंत सर्वत्र त्याचाच कुंचला फिरलेला. भिंतीवर युद्धकाळातली छायाचित्रे ओळीने लागली होती. सैन्यासाठी घोडे वेगळे काढणारे म्हातारे, लोकरीचे मोजे विणणाऱ्या बायका, खंदक खणणारी माणसे. प्रत्येकाखाली नावे रंगवून झाली होती. केवळ मधल्या, सर्वांत मोठ्या छायाचित्राखाली एका नावापुरती जागा कोरी राहिली होती, आणि त्या हातभर कोऱ्या जागेने बेय्शेनला अन्नपाणी गोड लागू दिले नव्हते.

त्या छायाचित्रात तबेल्यासमोर नऊ माणसे ओळीने उभी होती. हातांत लाकडी बंदुका, अंगांत जाडजूड कोट, आणि तोंडांवर विषारी वायूपासून वाचवणारे रबरी मुखवटे. काचेचे दोन वाटोळे डोळे आणि सोंडेसारखी लोंबणारी नळी, एवढेच प्रत्येकाचे रूप. वास्तविक त्या डोंगरांवरून शत्रूचे विमान कधी उडाले नाही. तथापि बेचाळीस सालच्या वसंतात रोज संध्याकाळी झाडाला टांगलेला लोखंडी रूळ बडवला जाई आणि सारे गाव मेंढ्या वाऱ्यावर सोडून खंदकाकडे धाव घेई. सरकारकडून मुखवटे नऊच आले होते, म्हणून ते पाळीपाळीने घालायचे. जिल्ह्याचा छायाचित्रकार ज्या दिवशी आला, त्या दिवशी ज्यांची पाळी होती ते भिंतीवर कायमचे राहिले. पण तोंड झाकून.

उजवीकडून तिसरा तो बेय्शेनचा बाप. निदान आईने त्याला तसे सांगितले होते. बाप त्याच उन्हाळ्यात आघाडीवर गेला, तेव्हा बेय्शेन आईच्या पोटात होता. पुढल्या वर्षी कागद आला की माणूस बेपत्ता आहे, ठावठिकाणा नाही. मेला असे लिहिले असते तर चौकातल्या दगडावर नाव तरी कोरले गेले असते. बेपत्ता माणसाच्या वाट्याला दगडही आला नाही. आली ती कुजबुज, की कोण जाणे, शत्रूला जाऊन मिळालाही असेल. शाळेत पोरे तेच तोंडावर बोलत. बापाचे दुसरे छायाचित्र घरात नव्हते. त्यामुळे बापाला या जगात उभे राहण्यापुरती काही जागा असेल, तर ती त्या भिंतीवर, मुखवट्याखाली, हातभर.

अडचण होती ती भिंतीवरची नावे तपासणाऱ्या मंडळाच्या नियमाची. त्या मंडळाचे, प्रांताहून आलेले इसाबेकोव नावाचे गृहस्थ मागल्या महिन्यात भिंत पाहून गेले होते. माणूस सज्जन, परंतु पोळलेला. ते म्हणाले होते, "बेय्शेन भाऊ, पलीकडच्या खोऱ्यात असंच एक चित्र निघालं. एका मुखवट्यावर पाच घरांनी हक्क सांगितला. शेवटी हाणामारी! तेव्हा आता नियम एकच. जो त्या ओळीत उभा होता, त्यानं स्वतःच्या तोंडानं, मंडळासमोर, नाव घ्यायचं. नाहीतर खाली 'अज्ञात'."

ओळीतल्या नऊ जणांपैकी जिवंत असे एकच माणूस उरले होते, आणि ते बेय्शेनच्याच घरात चहा उकळत बसलेले असे. ती त्याची काकू सायराकान, बापाच्या धाकट्या भावाची विधवा. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले. बेय्शेनच्या मनात आले होते, काम झालेच म्हणायचे! त्या भाबड्या आनंदात तो एक गोष्ट विसरला. त्या मुलखातली सून नवऱ्याच्या थोरल्या भावाचे नाव तो मरेपर्यंत उच्चारत नाही.

मंडळाने पहिल्या खेपेस तिला विचारले, तेव्हा तिने इतर सर्वांची नावे एका दमात सांगितली होती. डावीकडून दुसरा पाणक्या, त्याच्या शेजारी तिसरी मास्तरीण, उजवीकडून दुसरी ती स्वतः. तिसऱ्याशी येताच ती थबकली.

"हे आमचे घोडेवाले," ती म्हणाली.

नोंद करणारी तोन्या नावाची रशियन मुलगी निरागसपणे म्हणाली, "घोडेवाले हे नाव की आडनाव?"

इसाबेकोवांनी कपाळाला हात लावला होता.

तेव्हापासून महिनाभर बेय्शेन रोज काकूशी झगडत होता. उद्या मंडळ पुन्हा यायचे, म्हणून त्या दिवशी तर त्याने न्याहारीलाच सुरुवात केली.

"आपा, कासिमाली. चार अक्षरं आहेत. कासिमाली! बघ, मी म्हटलं. आभाळ कोसळलं का?"

"तू लेक आहेस. तुला काय?" तिने कणकेच्या तळलेल्या बोरसोकांची थाळी त्याच्याकडे सरकवली. "खा. तोंड बंद राहील."

"अगं, सरकारी काम आहे ते!"

"सरकारला दीर नसतात. मला आहेत."

"आहेत नव्हे, होते! चाळीस वर्षं झाली. आता कोण रागावणार आहे तुझ्यावर?"

सायराकानने चहाची वाटी खाली ठेवली. "होते असं तुला कुणी सांगितलं? मेले असा कागद आला होता का? तुझ्या आईनं त्यांच्यासाठी गळा काढू दिला नाही कुणाला. बाया दाराशी आल्या होत्या रडायला, तिनं परत पाठवल्या. या घरात त्यांच्यासाठी कुणी रडलेलं नाही, पोरा. ज्याच्यासाठी रडलं नाही तो जिवंत. आणि जिवंत दिराचं नाव मी घेऊ? उद्या दारात उभे राहिले तर कुठल्या तोंडानं पाणी देऊ?"

या युक्तिवादाने बेय्शेनचा संताप द्विगुणित झाला. तो तडक शेजारच्या तुर्दाके म्हाताऱ्याकडे गेला. तुर्दाके म्हणजे गावातली सर्वांत मोठी पांढरी दाढी. त्याने परवानगी दिली तर सुनेला दोष लागणार नाही, असा बेय्शेनचा हिशेब होता. म्हातारा काठी टेकत आला, उंबऱ्यावर बसला आणि घसा खाकरून म्हणाला, "सुने, मी सांगतो, घे नाव. पाप माझ्या माथी."

"तुम्ही माझे दीर आहात का?" पदर पुढे ओढून सायराकान आदराने म्हणाली. "परवानगी द्यायची तर त्यांनीच यायला हवं."

"हे बरीक खरं," तुर्दाके लगेच पलटला. "तिचं बरोबर आहे रे! आणि तसाही तुझा बाप तो नव्हेच. तुझा बाप डावीकडून तिसरा. मी तेव्हा कुंपणावर बसून पाहत होतो."

"तुर्दाके आके, डावीकडची तिसरी ती मास्तरीण आहे!"

"मग मास्तरीण फार उंच होती बुवा," म्हातारा म्हणाला आणि बोरसोक खिशात घालून निघून गेला.

बेय्शेनने त्राग्याने टोपी जमिनीवर आपटली. मग काहीतरी बोलायचे म्हणून तो काकूवरच उलटला. "तुला तरी काय खात्री? सगळे मुखवट्यात. तूही कशावरून ओळखतेस?"

सायराकानने चुलीत एक काटकी सारली.

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्यासमोर मान वर केली नव्हती," ती म्हणाली. "ते आले की मी मागच्या दारानं बाहेर. त्यांची वाट ओलांडली नाही, त्यांच्याकडं पाठ केली नाही. त्या दिवशी तोंडावर ते रबर चढलं आणि अधिकारी म्हणाला, ओळीत उभे राहा. मला वाटलं, आता मला तोंडच नाही तर लाज कशाची? उभी राहिले. शेजारी कोण आलं ते खांद्यावरून कळलं. ते काहीतरी बोलले मला. जन्मात पहिल्यांदा बोलले. पण त्या नळीतून नुसतं घुर्रर घुर्रर ऐकू आलं, बैलासारखं. मग पोट हलताना दिसलं. हसत होते. काय म्हणाले ते मला आजपर्यंत कळलं नाही. आल्यावर विचारीन म्हटलं होतं."

बेय्शेनला हे पूर्वी कोणी सांगितलेले नव्हते. त्याने टोपी उचलून झटकली. परंतु उद्याचा दिवस डोळ्यांसमोर होता, म्हणून तो पुन्हा तेच बोलला, "उद्या तेवढं नाव घे, आपा," आणि तिने पुन्हा मान हलवली, नाही अशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळाची मोटार आली. क्लबात गावकरी जमले, तुर्दाकेने पुढची खुर्ची धरली. बेय्शेन शिडीजवळ रंगाचा डबा आणि मनगट टेकवायची लांब काठी घेऊन उभा होता. इसाबेकोवांनी अत्यंत सौजन्याने विचारले, "आपा, उजवीकडून तिसरे कोण?"

"आमचे घोडेवाले."

"नाव, आपा."

तोन्याने लेखणी उचलून धरली होती. ती तशीच राहिली.

"बोल ना!" बेय्शेन ओरडला. "महिनाभर तुझ्या पाया पडतोय! लहानपणी पोरं मला काय म्हणायची ते तू ऐकलंस, रडत आलो की डोळे तूच पुसलेस, आणि आज तोंड उघडता येत नाही तुला?"

"बेय्शेन भाऊ, शांत व्हा," इसाबेकोव म्हणाले. "त्यांच्यावर सक्ती नको. आपण 'अज्ञात' लिहू. पुढेमागे काही पुरावा मिळाला तर..."

"पुढेमागे काही मिळत नसतं, कॉम्रेड! आता लिहितो. आता!"

त्याने डब्यात कुंचला बुडवला, काठी भिंतीला टेकवली आणि कोऱ्या जागेत लिहू लागला. संतापातही अक्षर वळणदारच येत होते, याचा त्याला आणखी संताप आला. दोन अक्षरे झाली. साक्षरतेच्या वर्गात जेवढे शिकली होती तेवढ्या बळावर सायराकान ती एकेक करून वाचत होती, हे पाठमोरा असल्याने त्याला दिसले नाही.

"काय लिहितोयस?" तिचा आवाज आला.

"अज्ञात. म्हणजे कुणालाच माहीत नसलेला."

"माहीत नसलेला?" ती उठून भिंतीशी आली. "माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते ते. माहीत नसलेला? थांब. पूस ते."

आणि मग ती म्हणाली, "कासिमाली."

मागल्या बाकावरच्या एका म्हातारीने तोंडाला पदर लावला.

तोन्या पुढे वाकली. "आजी, नीट ऐकू आलं नाही. परत सांगता का?"

बेय्शेनला त्या मुलीच्या हातातली लेखणी मोडून टाकावीशी वाटली.

"कासिमाली," सायराकान मोठ्याने म्हणाली. मग तिने डोळे मिटले, दोन्ही हात कमरेवर टेकले, आणि तिसऱ्या खेपेस ते नाव सुरात निघाले. मेलेल्यासाठी बायका ज्या सुरात रडतात, त्या सुरात. तबेल्याचा धनी गेला, उंच खांद्याचा गेला, माझ्याशी एकदाच बोलला, काय बोलला ते घेऊन गेला. मागल्या बाकावरची म्हातारी तिला जाऊन मिळाली, मग दुसरी, मग तिसरी. इसाबेकोवांनी टोपी काढली. थोड्या वेळाने तोन्याच्या कानाशी लागून ते हळूच म्हणाले, "लिहिलंस ना? चल." जाताना त्यांनी बेय्शेनचा हात हातात घेतला आणि अभिनंदन म्हणावे की आणखी काही, हे न ठरवता आल्याने नुसताच दाबला.

बेय्शेनने ती दोन अक्षरे खरवडून काढली व त्या जागी बापाचे नाव रंगवले. महिनाभर त्याने मनात या क्षणाची जी चित्रे काढली होती, त्यांपैकी एकही आता जुळेना. जी ओळ तो मागत होता ती मिळाली होती. पण कालपर्यंत त्याचा बाप कोठेतरी होता. मूर्खपणा होता तो, त्याला ठाऊक होते. तरी दाराशी अनोळखी पाऊल वाजले की चाळिशी उलटलेल्या बेय्शेनची मान आजही वळे. आता ती कशासाठी वळायची?

तो घरी पोहोचतो तोच रस्त्याच्या वळणावरून पुरुषांचा आक्रोश ऐकू आला. "हाय रे माझ्या भावा! हाय रे माझ्या आधारा!" आजच कोणी गेले असावे, तशी माणसे रिवाजाप्रमाणे दुरूनच गळा काढीत येत होती. सायराकानने नाव घेतले ही बातमी गावभर झाली होती, आणि त्याचा अर्थ गावाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. घरात बायका जमून रडू लागल्या होत्या. शेजाऱ्याने मर्तिकाच्या जेवणासाठी मेंढा आणून खुंटाला बांधलासुद्धा.

मुलाने दारात उभे राहायचे असते, कमर बांधून, काठीवर भार देऊन. बेय्शेनने कमरेला दोर आवळला. काठी शोधायला सवड नव्हती. हातात रंगकामाची होती तीच त्याने टेकवली.

सर्वांपुढे तुर्दाके होता. त्याचे रडणे खोटे नव्हते, दाढी भिजली होती. त्याने बेय्शेनला छातीशी धरले, आणि मग असा प्रसंग आला की जे विचारावेच लागते, ते विचारले.

"केव्हा गेला रे?"

बेय्शेनने उत्तरासाठी तोंड उघडले. बेचाळीस, त्रेचाळीस, कोणता डोंगर, कोणती नदी, काहीच त्याला ठाऊक नव्हते.

"आज," तो म्हणाला. "दुपारी."

तुर्दाकेने मान हलवली आणि जोडे काढून तो आत गेला.