दार हललं की मी विझतो

त्या दिवशी ठाण्यातल्या कोपरीच्या आमच्या घराच्या बाल्कनीत श्रीपादराव प्लायवुडच्या तुकड्यावर मोर काढत होते. खरं तर काढत मीच होतो. ते हिरवा चष्मा लावून पाहत होते. मान झाली, पिसारा अर्ध्यावर आला आणि त्यांच्या मुलीने, उत्तराने, बाल्कनीचं दार उघडलं. मी विझलो.

"बाबा, मी आले की लगेच बंद कसं करता हो?"

"असंच गं. चहा टाकतेस का?"

"इतकं लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

अर्धा मोर श्रीपादरावांनी कोपऱ्यातल्या खोक्यात टाकला आणि तिच्यामागून स्वयंपाकघरात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन येताना ते जिन्यात कोसळले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

मित्रांनो, मी घरी जुळवलेला लेझर कटर आहे. प्रकाशाच्या बारीक, तापलेल्या किरणाने मी लाकूड कापतो, त्यावर चित्रं कोरतो. श्रीपादरावांनी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात आयुष्यभर यंत्रांची खरेदी केली, पण एकही उघडून पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर ती हौस त्यांनी माझ्यावर भागवली. माझ्या मोटारी बिघडलेल्या प्रिंटरमधल्या आहेत, धूर ओढणारा पंखा न्हाणीघरातला आहे. सांगाडा त्यांच्या जुन्या सोबत्याने, दौलतकाकांनी, जोडून दिला. पट्टा ढिला राहिल्यामुळे माझं पहिलं वर्तुळ अंड्यासारखं आलं.

"अरे श्रीपाद, याला गोल म्हणतोस?" दौलतकाका म्हणाले. "याच्यापेक्षा माझी पोळी बरी!"

उत्तराला मात्र माझा पहिल्यापासून संशय होता. सारखी येणारी पार्सलं, जळका वास आणि ती आली की थांबणारं काम. खरं सांगायचं तर मलाही तिचा संशय यायचा. ही बाई मुद्दाम मोर बिघडवायला येते, असं वाटायचं.

श्रीपादराव गेल्यावर बरेच दिवस कुणी बाल्कनीत आलं नाही. माझ्यावर धूळ बसली. मग एकदा उत्तरा दौलतकाकांना घेऊन आली. नाकाला ओढणी लावून ती माझ्याकडे पाहत उभी राहिली.

"काका, खरं सांगा. याच्याच धुराने झालं ना?"

"नाही गं पोरी. धूर पंख्याने बाहेर जायचा. डॉक्टरांनी सांगितलं ना तुला?"

"मग लपवत काय होते? मी दार उघडलं की हे बंद. दर वेळी!"

दौलतकाकांनी दाराच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे एक छोटा खटका होता.

"हा मी लावलेला. दार हललं की किरण बंद. श्रीपाद म्हणाला, पोरगी वादळासारखी आत घुसते, डोळ्यांवर चष्मा नसतो; किरण लागला तर नजर जाईल. मी म्हटलं, अरे शहाण्या, मग सरळ कडी लाव आतून!"

"मग?"

"म्हणाला, कडी दिसली की ती परत फिरेल. सांगितलं तर माझं काम बिघडतं म्हणून येणंच सोडेल. येऊ दे. मोर काय, दुसरा काढता येतो."

उत्तराने खोकं ओढलं. मानेपर्यंतचे मोर, अर्ध्या पिसाऱ्याचे मोर, पायच नसलेले मोर. एकेक हातात घेऊन ती पाहत राहिली. दौलतकाका केव्हा गेले, हेही तिला कळलं नसावं.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची निगा सोपी असते. काच पुसा, पट्टा ताणून ठेवा, चष्म्याशिवाय जवळ येऊ नका. चालू असताना आम्हाला एकटं सोडू नका. आणि आमच्यापाशी तासन्‌तास बसणाऱ्या माणसालाही सोडू नका.

उत्तरा उठली, बाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतलं. आता ही भंगारवाल्याला बोलावणार, असं मला वाटलं. संशय माझा काही जात नाही.

पण पावलं दूर गेली नाहीत. बऱ्याच वेळाने दारावर हलकेच टकटक झाली.

"बाबा," ती म्हणाली, "मी आत येऊ?"