सिद्रामची भिंत

शुभ्र, निर्दय, निःशब्द शिखरं. शिखरांवर लखलखतं ऊन, आणि त्या उन्हात ऊब सोडून सगळं काही. त्या हिमदग्ध खिंडीत गवत उगवत नाही, पाखरू फिरकत नाही. तिथे फक्त सैनिक राहत होते, समोरासमोर, दोन्ही बाजूंचे, कित्येक वर्षं.

त्या खिंडीत एक भिंत होती. वारा अडवणारी, मृत्यू अडवणारी, निश्चल, धूसर भिंत. ना सिमेंट, ना माती, नुसता दगडावर दगड. ती नाईक सिद्राम धोत्रेने रचली होती. सिद्राम अक्कलकोटकडचा, वडाराचा मुलगा. खालून तंबू आले, ते पहिल्याच वादळात फाटले. थंडीचे बूट आले, तेव्हा थंडी संपली होती. मग सिद्रामने दगड निवडले, उलटेपालटे करून पाहिले, छिन्नीने घडवले आणि त्या मुक्या पाषाणांना एकमेकांचे खांदे दिले. त्या भिंतीआड अकरा माणसं तीन हिवाळे जगली.

चौथ्या हिवाळ्यात, त्याच भिंतीच्या झरोक्यापाशी पहाऱ्यावर असताना, सिद्रामला गोळी लागली. हवालदार रावसाहेब खराडेंच्या मांडीवर त्याने प्राण सोडला. त्याला गावी पोचवायलाही खराडेच गेले. सिद्रामच्या आईला, यल्लव्वाला, त्यांनी शब्द दिला होता, की ती जागा आम्ही सोडणार नाही.

आणि आता कागद आला. दूर कुठेतरी, उबदार दालनात, इस्त्रीच्या कपड्यांनी इस्त्रीच्या कपड्यांशी हात मिळवले. नकाशावरून एक बोट फिरलं. दोन्ही सैन्यांनी मागे सरायचं, खिंडीत कुणी राहायचं नाही, बांधलेलं सगळं भुईसपाट करायचं आणि त्याचे फोटो पाठवायचे.

तह वाईट, असं कोण म्हणेल? पण हेच बोट सिद्राम जिवंत असताना का फिरलं नाही? तेव्हा काय झोपलं होतं? खराडेंनी हे तरुण कॅप्टनला तोंडावर विचारलं. त्याने कागदाची घडी घातली आणि पहारी काढायला सांगितलं.

भिंत मोडेना. पहारी वाकल्या, तळहात सोलवटले, भिंत मोडेना. समोरच्या उतारावरचे जवान आपले मोर्चे केव्हाच पाडून बघत उभे होते. शेवटी कॅप्टनने सुरुंग मागवला.

"सुरुंग नको, साहेब," खराडे म्हणाले. "मी काढतो. त्यानं मला दाखवलं होतं."

भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत गेलेला एक हातभर लांब दगड होता. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा. तो कुठला, हे सिद्रामनंतर एकट्या खराडेंना ठाऊक होतं, आणि सकाळपासून त्यांनी ते लपवलं होतं. आता त्यांनी तो उपसला. मग थरामागून थर निघाला. एकही दगड त्यांनी फेकला नाही. एकेक उचलून जमिनीवर ठेवला, आणि प्रत्येक दगडागणिक त्या नकाशावरच्या बोटाला शिवी घातली.

तो लांब दगड त्यांनी आपल्या पिशवीत घातला.

वैशाखातल्या तापल्या दुपारी खराडे यल्लव्वाच्या दारात उभे राहिले. ती नुकतीच खाणीवरून आली होती. तिने दगडावरून बोटं फिरवली. छिन्नीचे घाव कुणाचे, हे तिला सांगावं लागलं नाही.

"मग ती जागा आता कुणाची?" तिने विचारलं.

"कुणाचीच नाही, मावशी."

खराडे दगड घरातल्या देवळीकडे नेऊ लागले, तेव्हा तिने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. दर झेंडावंदनाला पुढारी तिच्याकडे येत. शाल, नारळ, फोटो, आणि पुढच्या वर्षापर्यंत रामराम. ज्या पायवाटेने ते येत, तिच्या मधोमध यल्लव्वाने पहारीने खड्डा घेतला. दगड उभा रोवला, भोवती माती ठोकली.

"येतील त्यांना ठेच लागू दे," ती म्हणाली.

ऊन कललं. ताम्रवर्णी, संतप्त, संथ ऊन. वाटेच्या मधोमध तो दगड उभा होता, आणि त्याची सावली लांबत लांबत वाटेवर आडवी पडली.