सोडून दिलेला ट्रक

मी एक म्हातारी कुत्री आहे. माझं नाव मैना. मित्रांनो, आज मी बेळगुंदीत मंजुश्रीच्या ओसरीवर पडून असते आणि मागचा एक पाय ओढत चालते. पण माझी उमेदीची वर्षं इथून फार लांब, बंडखोरांच्या जंगलात गेली.

पिल्लू असतानाच मला सुरुंगाची दारू हुंगायला शिकवलं होतं. वास लागला की भुंकायचं नाही, गप खाली बसायचं. मला सांभाळणारा जवान रविराज याच गावचा. बाकीच्यांशी तो हिंदी बोलायचा, माझ्याशी मात्र घरचं. "मैने, दमलीस व्हय गं?" म्हणत आपल्या बाटलीतलं पाणी ओंजळीनं पाजायचा. मी बसले आणि माणसं वाचली, असं कितीदा झालं. एकदा तर आमच्या तुकडीच्या साहेबांनी माझ्या गळ्यात हार घालून फोटो काढला.

आमच्या तपासणी नाक्याजवळ बुधरी नावाची म्हातारी चिंच विकायची. रस्ता कुठं नव्यानं उकरलेला दिसला की ती हळूच रविराजला सांगायची. बंडखोरांना कळलं असतं तर तिचा जीव गेला असता. तरी सांगायची, कारण तिचा त्याच्यावर विश्वास होता.

एका सकाळी ठेकेदाराचा ट्रक आला. वर सिमेंटची पोती होती. मी मागच्या चाकाजवळ गेले आणि खाली बसले. रविराजनं फाटक अडवलं.

साहेब ठेकेदाराच्या माणसाला घेऊन खोलीमागं गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हाताला नव्या नोटांचा वास होता.

"कुत्री थकली आहे. सोड गाडी."

"साहेब, ती उगाच बसत नाही. पोती उतरवून बघू या."

"सोड म्हणालो ना!"

फाटक उघडलं. मी तरी बसूनच होते. रविराजनं मला उचलून बाजूला नेलं. संध्याकाळी तो फोनवर बायकोला, मंजुश्रीला म्हणाला, "आज माझ्या मैनेला खोटं पाडलं गं. मी वर कळवलंय. बघू."

वरून काहीच आलं नाही.

बुधरीनं सगळं पाहिलं होतं. ती रविराजकडे बघेनाशी झाली. त्यानं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "मी तुम्हाला सांगायचं आणि तुम्ही बंडखोरांची गाडी सोडायची. मग मला कोण वाचवणार, बाळा?" तिच्यामागून सारं गावच मुकं झालं.

थोड्याच दिवसांत आम्ही पुलाकडच्या रस्त्यानं गस्तीला निघालो. तो रस्ता उकरला गेलाय, हे गावाला माहीत होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही. दारू खोल पुरलेली होती आणि वारा पाठीमागून होता. मला वास लागला तेव्हा रविराज माझ्या पुढं गेला होता. मी बसले. तो वळला, "मैने" म्हणाला, आणि रस्ता फुटला.

त्या धुरात ट्रकमधलाच वास होता. तो मला ओळखू आला. पण मला कोण विचारणार? चौकशीत ठरलं, की असा ट्रक नाक्यावर थांबलाच नव्हता. साहेब बढती घेऊन दुसरीकडे गेले. मी पायानं अधू झाले, म्हणून मला कामातून काढलं. मंजुश्री तेवढा लांबचा प्रवास करून मला न्यायला आली. माझ्या मानेत तोंड खुपसून ती खूप रडली.

मागच्या वर्षी शाळेत रविराजच्या फोटोला हार घातला. पाहुणे शत्रूबद्दल पुष्कळ बोलले. मग त्याचे वडील सुबरावआप्पा उठले. "दारू शत्रूनं पुरली, व्हय. पर तिला वाट आमच्याच मानसानं दिली. त्येचं नाव कुनी घेत न्हाय." एवढं बोलून ते खाली बसले.

मित्रांनो, तुमच्यातला कुणीतरी उद्या अशाच एखाद्या नाक्यावर उभा असेल. एवढी एक गाडी सोड, असं कुणीतरी त्याला सांगेल. तेव्हा गाडीकडे बघू नका. पुढं त्याच रस्त्यानं कोण चालत येणार आहे, तेवढं बघा.